पेणची उघाडी आणि रोह्याचीं यंत्रें

शत्रूपासून किल्ला कसा राखावा याविषयीं आपल्या इतिहासग्रंथांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु शेत, पाणी आणि यंत्र हीं कशीं राखलीं गेलीं, याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः सामान्य गृहस्थाचें सुख किल्ल्यापेक्षां याच तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असतें. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड, जिल्ह्यांतील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत या इतिहासाचीं दोन्ही टोकें एका दिवसाच्या प्रवासांत पाहावयास मिळतात.

पेणच्या खारेपाटांतील जमीन मूळची समुद्राची. बांध घालून ती शेतकऱ्यांनीं मिळविली. जुन्या काळीं येथें शिलोत्री नांवाची पद्धति होती. तींत बाहेरच्या बांधाची डागडुजी शिलोतदाराकडे असे, आणि तीसाठीं कुळांकडून त्याला धान्य मिळे. या बंदिस्तीच्या रचनेंत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, एकाच बांधावर कोणीं विसंबत नसे. बाहेर मोठा बांध आणि आंत लहान बांध असत. बाहेरच्या बांधास खांड पडली तरी सगळें पीक एकदम बुडूं नये, हा त्यांतील हेतु. दुसरी गोष्ट उघाडी. ओहोटीच्या वेळीं आंतील पावसाचें पाणी उघाडीचा दरवाजा लोटून बाहेर जातें, आणि भरतीचें पाणी आपल्याच दाबानें तो दरवाजा लावून घेतें. जाण्यास वाट आहे, येण्यास नाहीं. तिसरी गोष्ट म्हणजे माणसाची फेरी. खेकड्याच्या बिळाएवढ्या भोंकांतूनही उधाणाच्या रात्रीं खांड पडते. म्हणून बांध पाहणारा डोळा आणि चिखल टाकणारा हात हे दोन्ही बांधाचेच भाग होत.

आतां रोह्याकडे वळूं. उन्हाळ्यांत कुंडलिकेला जें पाणी असतें, तें बहुतांशीं तिचें स्वतःचें नव्हे. मुळशीच्या धरणांत अडविलेलें, एरव्हीं पूर्वेकडे वाहून गेलें असतें असें पाणी, बोगद्यांतून आणि नळांतून सुमारें 500 मीटर खालीं भिरा येथें उतरतें, 1927 सालीं सुरू झालेल्या टाटांच्या विद्युत्गृहाचीं चक्रें फिरवितें आणि मग कुंडलिकेला मिळतें. कोलाडकडील शेती, धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि अलीकडे नदीच्या उसळत्या पाण्यांतून होड्या नेण्याचा खेळ, हीं सर्व या पाण्यावर चाललीं आहेत. येथें नदी ही एका यंत्राची शेपटी झाली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या यंत्रावर पहिला आघात झाला तो यंत्र फिरूं लागण्यापूर्वींच. आपल्या जमिनी बुडणार म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं 1921 मध्यें मुळशीचा सत्याग्रह आरंभिला. त्याचे अग्रणी सेनापति बापट यांना 1924 च्या अखेरीस धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. त्या कृत्याविषयीं कोणाचें मत कांहींही असो. पण करणाऱ्याचें नांव आणि त्याचें गाऱ्हाणें सर्व महाराष्ट्रास ठाऊक होतें. यंत्राला इजा करावयाची तर यंत्रापर्यंत चालत जावें लागे, आणि आपलें तोंड दाखवावें लागे.

ही स्थिति आतां उरली नाहीं. पाण्याचा झडप-दरवाजा, विजेचें चक्र, रसायनाच्या भांड्यांतील उष्णता व दाब, डोलवीच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्या, अशा सर्वांस हुकूम देण्याचें काम आज जगभर संगणकाकडे आलें आहे. जेथें संगणक बाहेरच्या जाळ्याशीं जोडला गेला, तेथें हजारों कोसांवरील अनोळखी मनुष्य त्याच तारेनें आंत येऊं शकतो. इराणांतील नतांझ येथील यंत्रें बिघडविणारा ‘स्टक्सनेट’ 2010 सालीं उघडकीस आला. आणि तो तर बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या कारखान्यांत शिरला होता. 2017 सालीं सौदी अरबस्तानांतील एका रासायनिक कारखान्यांत याहून भयंकर प्रकार आढळला. धोक्याच्या वेळीं कारखाना आपोआप बंद पाडणारी जी संरक्षक यंत्रणा, तिच्याच आंत शत्रु शिरला होता. चोरानें तिजोरी फोडण्यापूर्वीं पहारेकऱ्यासच फितवावें, तसा हा प्रकार. ज्या गांवाच्या उशाशीं रसायनांचे कारखाने आहेत, त्यानें ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊं नये.

आपल्याकडेही याची चाहूल लागली आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजीं मुंबईची वीज गेली आणि आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. हें बाहेरच्यांचें कृत्य असावें, असा संशय पुढें मार्च 2021 मध्यें राज्याच्या गृहमंत्र्यांनीं बोलून दाखविला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं मात्र ती माणसाची चूक ठरविली. आमच्या मतें या वादांतच नव्या संकटाचें स्वरूप दिसतें. बांधाची खांड डोळ्यांनीं दिसते. ही खांड पडली कीं नाहीं, याविषयींच जाणत्यांत दुमत होतें. ऑक्टोबर 2022 मध्यें टाटा पॉवर कंपनीच्या कचेरीच्या संगणकांवर हल्ला झाला; पण वीज चालविणाऱ्या महत्त्वाच्या यंत्रणा चालू असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. खारेपाटाच्या भाषेंत बोलावयाचें तर बाहेरचा बांध फुटला, आंतला टिकला.

आजचे तज्ज्ञ जे उपाय सांगतात ते पेणच्या शेतकऱ्यास नवे वाटणार नाहींत. कचेरीचे संगणक आणि यंत्रांचे संगणक वेगळे ठेवावे, हा आंतला बांध. यंत्राची खबर बाहेर जाऊं द्यावी, पण बाहेरचा हुकूम आंत येऊं देऊं नये, यासाठीं एकाच दिशेनें वाहणारीं साधनें निघालीं आहेत, ही उघाडी. राहिली फेरी. युक्रेनमध्यें 23 डिसेंबर 2015 रोजीं सुमारें सव्वादोन लाख ग्राहकांची वीज शत्रूनें दुरून तोडली, तेव्हां ती कांहीं तासांत परत आली ती कामगारांनीं ठिकठिकाणच्या केंद्रांवर जाऊन हातानें कळा फिरविल्या म्हणून. ज्यांना हातानें काम करतां येत होतें, त्यांनीं अंधार संपविला.

कायद्यांची उणीव नाहीं. खारजमिनींसाठीं 1948 व 1979 सालीं कायदे झाले. महत्त्वाच्या संगणकयंत्रणांच्या रक्षणासाठीं केंद्र सरकारनें 2014 मध्यें स्वतंत्र संस्था नेमली, आणि 2022 पासून असा हल्ला कळतांच सहा तासांच्या आंत वर्दी देण्याचा नियम केला. हें सर्व योग्यच आहे. परंतु बांध सरकारचा झाला म्हणजे ‘तो पाहणें सरकारचें काम’ असें गांव म्हणूं लागतो, आणि खेकड्याचें बीळ तसेंच राहतें. कारखान्यांतही पासवर्ड बदलणें दुसऱ्या कोणाचें तरी काम असतें, आणि हातानें झडप फिरविण्याची विद्या जुन्या माणसाबरोबर निवृत्त होते. म्हणून यंत्रें विकत घेतांना त्यांच्यावर फेरी घालणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा, आणि उधाण येण्यापूर्वीं व्हावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.