माळढोक, सातबारा आणि श्रीगोंद्याचा माळ

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही. आज एक पक्षी आहे आणि नकाशावर मारलेली एक रेघ.

मी श्रीगोंद्याचा. आमच्याकडचं म्हणून शेख महंमद महाराज, पेडगावचा किल्ला, शिंद्यांचे वाडे एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण श्रीगोंदा तालुका माळढोकच्या अभयारण्यात गेला होता, हे सांगितलं की लोक म्हणतात, "कुठंय अभयारण्य? इथं तर ऊस आहे!" बरोबर आहे, ऊसच आहे. गोष्ट तिथंच आहे.

माळढोक म्हणजे माळावरचा दांडगा पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उंची साधारण मीटरभर. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी एका विणीत बहुतेकदा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी दख्खनच्या माळांवर मुबलक होता. किती? रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानं 1809 ते 1829 या वर्षांत नगर भागात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्यानं! आज सगळ्या जगात दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे.

आता सत्तरचं दशक. सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचं जगापुढे आणलं. त्याच सुमारास दुष्काळी भागासाठीचा सरकारी कार्यक्रम आला. त्यात माळाचे काही तुकडे चराईला बंद केले, चर खणले, गवत वाढू दिलं. हेतू साधा होता: माती धरायची, पाणी मुरवायचं, गुरांना चारा मिळवायचा. गवत वाढलं, नाकतोडे वाढले आणि माळढोक तिथं येऊन विणीला लागला. म्हणजे दुष्काळाचं काम करता करता पक्षी सांभाळला गेला. मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा टप्पा वाटतो.

मग 1979. सरकारनं माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र किती, तर जवळपास 8,496 चौरस किलोमीटर. दोन गोवे आत बसून वर जागा उरेल! सोलापूरचे तालुके, शिवाय आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं, शेतं, विहिरी, रस्ते, सगळंच आलं. पक्षी लांबलांब फिरतो, म्हणून रेघ मोठी, हा विचार समजू शकतो. पण वन्यजीव कायदा 1972 चा. त्यातलं कलम 20 सांगतं की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसा सोडून नवा हक्क लागत नाही.

याचा अर्थ मला घरात कळला. मी शाळेत होतो. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी दोन एकर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक आलं, इसार ठरला आणि कागद करायच्या वेळी उत्तर मिळालं, "अभयारण्यात आहे, होणार नाही." लग्न व्याजाच्या पैशावर झालं. त्यानंतर आमच्या घरात माळढोक हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा. घरातल्या पोरांपैकी कुणी तो पक्षी पाहिलेला नव्हता, हे विशेष.

आणि गंमत बघा, रेघेनं खरेदीखत अडवलं, पण माळ वाचवला नाही. कुकडीचा डावा कालवा आला, पाणी आलं, ऊस आला. दुष्काळ भोगलेल्या माणसानं पाणी नाकारावं असं मी तरी म्हणणार नाही. पण माळढोकला चारी बाजूंनी लांबवरचं दिसावं लागतं. उभ्या उसात तो करणार काय? उरलेल्या माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, कारण आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाडं. गवताचा माळ सरकारी भाषेत पडीक! त्यात विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी बघा. 1980 चं काळवीट अभयारण्य, अवघं 2.17 चौरस किलोमीटर. तिथं काळवीट वाढले. एवढ्याशा जागेचं गवत, पाणी, पहारा बघता येतो.

पुढं समित्या झाल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि माळढोक अभयारण्य सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. लोक सुटले, पण तोवर पक्षीही संपत आला होता. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते.

माळ मात्र अजून थोडा उरलाय. लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, धाविक पक्षी आहे. भीमेच्या पलीकडे, इंदापूरकडच्या कडबनवाडीला वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केलीय आणि गावातलीच पोरं गाईड म्हणून फिरवतात. आपल्याकडे का नाही, हे मी ग्रामसभेत विचारलं. एक काका लगेच म्हणाले, "परत सातबारा अडकवतोस काय?" मी गप्प बसलो. त्यांचं चूक नव्हतं.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी आजोबांना पहिल्यांदाच सरळ विचारलं, तुम्ही पाहिला होता का हो कधी? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा. लहान होतो. मेंढरांच्या मागून चालत होता. आधी वाटलं, कुणाचं वासरू चुकलंय." आणि हात कमरेच्या जरा वर नेऊन त्यांनी उंची दाखवली.