पद्मतीर्थातली बुडी आणि बाप्तिस्मा

वाशिमात पद्मतीर्थाची कथा सांगतात: वासुकी राजाला कुष्ठ झालं, इथल्या कुंडात न्हाऊन तो बरा झाला आणि त्याने तीर्थ बांधून काढलं. बायबलात, २ राजेच्या ५व्या अध्यायात, अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात बुड्या मारून कुष्ठातून मुक्त होतो. जुन्या ग्रीक भाषांतरात संदेष्टा अलीशा त्याला साधं 'धू' सांगतो. पण नामान पाण्यात उतरतो तेव्हा क्रियापद बदलतं, 'बाप्टिझो' येतं. 'बाप्तिस्मा' हे त्याचंच नाम.

या क्रियापदाचा जुना संसार पाण्याचाच. पॉलिबियसच्या इतिहासात जहाजं बुडतात तेव्हा हेच क्रियापद येतं. प्लुटार्क तर रोमन ओथोला कर्जात 'बाप्टिझो' झालेला म्हणतो. कर्जात बुडालेला! आपलं 'बुडणे' त्याचं सख्खं भावंड वाटतं.

काही अभ्यासक याचा अर्थ नुसतं धुणं असाही घेतात. लूक ११:३८ मध्ये येशू जेवणापूर्वी हे करत नाही म्हणून परुशी चकित होतो. तिथे हात धुण्याची गोष्ट असावी. मार्क ७:४ मध्ये काही प्राचीन हस्तलिखितांत याच जागी 'शिंपडणे' आहे. मला वाटतं, हा बदल 'बुडी'च्याच बाजूने बोलतो: बाजारातून आल्यावर दरवेळी बुडी मारायची, हे नकलकाराला अवघड वाटलं, म्हणून त्याने शब्द सौम्य केला. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात डोक्यावर तीनदा पाणी ओतायची मुभा आहे, पण पुरेसं पाणी नसेल तेव्हाच.

मग मराठीत 'बुडी' का नाही आली? बंगालीत बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी 'बुडवणे' अर्थाचं क्रियापद वापरलं. १८३०च्या दशकात बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसे नाकारले. १८४० मध्ये बाप्टिस्टांनी लंडनला वेगळी संस्था काढली. पाणी शिंपडणाऱ्या पंथांना 'बुडवणे' कसं चालणार? मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवला की भांडण टळत होतं. मराठीतला 'बाप्तिस्मा' गोव्याच्या वाटेने आला, असं मला पटत नाही. पोर्तुगीज 'बातिझ्मु'पासून आला असता तर शेवटचा 'मा' कुठून आला असता? तो थेट ग्रीक 'बाप्तिस्मा'चा आहे.

पण क्रियापद गेलं आणि 'दीक्षा घेणे'च्या चालीवर 'बाप्तिस्मा घेणे' उरलं. मार्क १०:३८ मध्ये येशू स्वतःच्या यातनांना हेच क्रियापद लावतो. दुःखात आकंठ बुडणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे संस्काराचं नाव आलं की मात्र तो थबकतो.