बाईकचा टायर घरी कसा बसवायचा? ताकद कमी, ट्रिक जास्त

टायर आता मोबाईलवरून मागवता येतो, पण तो रिमवर चढवायचा कसा हा प्रश्न उरतोच. 100-125 सीसीच्या साध्या बाईकचा ट्यूबवाला टायर घरी बदलणं शक्य आहे. फक्त जोर लावण्याआधी रिमची रचना समजून घ्या.

आधी हे समजून घ्या

टायरच्या आतल्या कडेला कडक गोल किनार असते. तिला बीड म्हणतात. बीडमध्ये पोलादी तार असते, त्यामुळे ती ताणली जात नाही. मग ती रिमच्या उंच कडेवरून पलीकडे जाते कशी? रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. एका बाजूची बीड त्या खोलगटात ढकलली की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि तिथली बीड सहज निघते. खूप जोर लागतोय, म्हणजे समोरची बाजू खोलगटात गेलेलीच नाही. तरीही जोर लावला तर ट्यूब फाटते किंवा बीड खराब होते.

काय काय लागेल?

- दोन-तीन टायर लिव्हर (स्क्रूड्रायव्हर नको, तो ट्यूब फाडतो)
- पाने, व्हॉल्वची पिन काढायची चावी
- साबणाचं पाणी, हवेचा पंप, प्रेशर गेज
- नवीन ट्यूब

जुना टायर काढताना

1. बाईक सपाट जागी डबल स्टँडवर लावा. चाक काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वॉशर आणि स्पेसर कुठे होते, हे नंतर आठवत नाही.
2. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क परत आत जात नाही. चाक डिस्कवर आडवं ठेवू नका.
3. व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडा. व्हॉल्वचा नट काढा.
4. रिमच्या कडेजवळ टाचेने दाबत दोन्ही बाजूंची बीड सुटी करा.
5. समोरची बाजू खोलगटात दाबा आणि लिव्हरने थोडी थोडी कड वर घ्या. एक बाजू निघाली की ट्यूब काढा, मग दुसरी बाजू.

रिमवर गंज आहे का बघा. स्पोकवाल्या रिममधली रबरी पट्टी फाटली असेल तर बदला, नाहीतर स्पोकची टोकं ट्यूबला टोचतील.

नवीन टायर बसवताना

- साईज जुन्या टायरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलीच हवी.
- चार अंकी आकडा वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा.
- बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. रंगीत ठिपका असेल तर साधारणपणे तो व्हॉल्वजवळ ठेवतात.
- बीडला फक्त साबणाचं पाणी लावा. ऑईल किंवा ग्रीस लावलं तर टायर रिमवर घसरू शकतो.

पहिली बाजू बऱ्याचदा हातानेच चढते. मग ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा भरून ती आत ठेवा आणि व्हॉल्व भोकातून बाहेर काढा. दुसरी बाजू व्हॉल्वच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्वपाशी संपवा. लिव्हर आत खोल घालू नका, ट्यूब चिमटते.

हवा भरताना सर्वात जास्त काळजी

थोडी हवा भरा, सोडा, पुन्हा भरा. ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंना, सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत-बाहेर असेल तर बीड नीट बसलेली नाही. हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा प्रयत्न करा. टायरवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा भरून ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका, टायर फुटू शकतो. स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ व्हायरल होतात. ते चुकूनही करू नका, त्यात स्फोट होतो.

शेवटी मॅन्युअलमधल्या प्रेशरवर हवा आणा.

रस्त्यावर जाण्याआधी

फोटो बघून चाक बसवा, एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिल्याइतका घट्ट करा. मागचं चाक असेल तर चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा. चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक चार-पाच वेळा दाबून लागतोय याची खात्री करा. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिले 100-150 किमी वळणावर जास्त झुकवू नका, जोरात ब्रेक मारू नका.

घरी कधी करू नये?

रुंद ट्यूबलेस टायर, महागडी अलॉय रिम किंवा बॅलन्सिंगची गरज असलेली मोठी बाईक असेल तर चाक काढून मशीन असलेल्या दुकानात न्या. अलॉयवर पडलेला ओरखडा पुसला जात नाही आणि ट्यूबलेसची बीड बसवायला कॉम्प्रेसरची जोरदार हवा लागते. रेघ सरळ होत नसेल, तर ती बाईक चालवू नका.