कुणाचा पेसा, कुणाची आफ्रिका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुयाका बिन हाजी हा मोम्बासाचा कवी. जन्म अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, मृत्यू १८४०च्या सुमाराचा. म्हणजे आपल्याकडे जेजुरीचा सगनभाऊ डफावर लावण्या म्हणत होता, साधारण त्याच काळात हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावर मुयाका स्वाहिलीत रचना करीत होता. मोम्बासाच्या मझरुई सरदारांचा तो स्नेही. मस्कतच्या सुलतानाशी त्यांची झुंज चालली होती, तेव्हा मुयाकाच्या चार चरणी कविता लोकांच्या तोंडी होत्या. स्वाहिली कविता त्याने मशिदीतून बाजारात आणली असं त्याच्याबद्दल म्हटलं जातं. तिकडे कवितेला ‘शाइरी’ म्हणतात. आपला शाहीर आणि त्यांची शाइरी एकाच अरबी धातूतून निघालेली सख्खी भावंडं.

ही कविता आज वाचायला मिळते ती कशी, हे सांगण्यासाठी मी त्याचं नाव घेतलं. मुयाकाने दिवाण छापला नाही. त्याच्या रचना लोकांनी तोंडपाठ ठेवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत टेलर नावाचा इंग्रज मिशनरी मोम्बासाला होता. त्याने म्वालिमु सिकुजुआ या स्थानिक विद्वानाच्या मदतीने त्या अरबी लिपीत उतरवून घेतल्या. टेलरचे कागद पुढे लंडनला गेले आणि तिथल्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’ या संस्थेत जमा झाले. १९४० साली हिचेन्स नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने त्यांतून ‘दिवानी या मुयाका’ हे पुस्तक काढलं, ते छापलं जोहान्सबर्गमध्ये. कवी मोम्बासाचा, कागद लंडनला, पुस्तक जोहान्सबर्गचं! मोम्बासाच्या एखाद्या मुलाला एम. ए. किंवा पीएच. डी.साठी आपल्या गावच्या कवीचा अभ्यास करायचा झाला, तर त्याला आधी ब्रिटनचा व्हिसा काढायला लागायचा. विमानाचं तिकीट, लंडनमधली खोली, दोन वेळचं जेवण हे सगळं कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याचा विषयच मंजूर होत नसे.

माझं शिक्षण बी. ए.पर्यंतचं. संशोधक मी नाही. पण कवितेच्या नादाने मी या प्रश्नापाशी आलो आणि मग तो सुटेना. आफ्रिकेचा अभ्यास करायला पैसे कुणी दिले आणि का दिले?

सुरुवात साम्राज्यापासून करावी लागते. लंडनची ती संस्था १९१६ साली स्थापन झाली, वसाहतींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना, व्यापाऱ्यांना, मिशनऱ्यांना तिथल्या भाषा याव्यात म्हणून. तेव्हा तिच्या नावात फक्त ‘ओरिएंटल’ होतं, ‘आफ्रिकन’ हा शब्द १९३८मध्ये जोडला गेला. त्याआधी १९२६मध्ये लंडनमध्येच आफ्रिकी भाषा आणि संस्कृती यांच्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली होती. तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते लॉर्ड लुगार्ड, नायजेरियाचे निवृत्त गव्हर्नर. पैसा मात्र मोठ्या प्रमाणात अमेरिकेतून आला, रॉकफेलर फाउंडेशनकडून. त्या पैशातून तरुण अभ्यासकांना फेलोशिप मिळू लागल्या. मालिनोव्स्की या प्रख्यात मानववंशशास्त्रज्ञाकडे शिकायचं, मग आफ्रिकेत दीड-दोन वर्षं राहून परत यायचं, असा तो रस्ता होता. त्याच मालिनोव्स्कीच्या वर्गात केनियाचा एक किकुयु तरुण येऊन बसत असे. त्याने आपल्याच जमातीवर प्रबंध लिहिला, तो १९३८मध्ये पुस्तकरूपाने आला. तो तरुण म्हणजे जोमो केन्याटा, पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

पैसे देणारा आणि अभ्यास करणारा यांच्यात खटका उडाला की खरा इतिहास दिसतो. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, १९३७ साली ‘ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन इन्स्टिट्यूट’ निघाली. आफ्रिकेतच राहून आफ्रिकी समाजाचं संशोधन करणारी ही पहिल्या काही संस्थांपैकी एक. तिला सरकार मदत करीत होतं, आणि खाणकंपन्याही. पहिला संचालक गॉडफ्री विल्सन. हा ब्रोकन हिलच्या शिसं-जस्ताच्या खाणीवर गेला आणि मजुरांच्या वस्तीत जाऊन त्यांच्याशी गप्पा मारू लागला. कुटुंब कुठे आहे, पगारातून किती उरतं, गावी परत कधी जाणार, असले साधे प्रश्न. कंपन्यांची आणि सरकारची समजूत अशी की काळा मजूर हा चार दिवसांचा पाहुणा, काम संपलं की खेड्यात जाईल, तेव्हा त्याला कुटुंबाला पुरेल एवढा पगार द्यायची गरज नाही. विल्सनच्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. माणसं शहरात रुजत होती. गोरा माणूस काळ्यांच्या घोळक्यात बसतो, याने व्यवस्थापन अस्वस्थ झालं आणि त्याची वस्तीत जाण्याची परवानगी काढून घेण्यात आली. तशात तो युद्धविरोधी. १९४१मध्ये त्याने राजीनामा दिला, तीन वर्षांनी तो वारला. जमवलेल्या माहितीवर त्याने जे लिहिलं ते आजही वाचलं जातं. खाणीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने खाणमजुराचा पगार विचारला, एवढंच घडलं होतं.

या संस्थेत आफ्रिकी सहायकही काम करीत. गावात ओळख त्यांची, भाषा त्यांची, घरोघर जाऊन माणसं मोजणारे तेच. पुस्तकांवर नावं मात्र बहुधा गोऱ्या संशोधकांची आली. या सहायकांचा इतिहास लिहिला जायला २००१ साल उजाडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिजोरीच्या किल्ल्या अमेरिकेकडे गेल्या. १९४८मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हर्स्कोविट्स यांनी कार्नेगीच्या पैशावर आफ्रिका अभ्यासाचा विभाग उघडला. १९५७मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, त्याच्या सहाव्या भागानुसार परदेशी भाषा शिकणाऱ्यांना सरकारी फेलोशिप मिळू लागली. स्वाहिली, हौसा, योरुबा या भाषा अमेरिकन विद्यापीठांत शिकवल्या जाऊ लागल्या त्या रशियाच्या धास्तीने. गंमत वाटते, पण अमेरिकेत मुयाकाची भाषा शिकायला सरकारी पैसा मिळाला तो एका उपग्रहामुळे. हा पैसा साठ-पासष्ट वर्षं कमीजास्त होत चालू राहिला. २०२५ साली तिथल्या शिक्षणखात्याने चालू अनुदानं पुढे न देण्याचं ठरवलं, तेव्हा अनेक भाषावर्गांचं भवितव्य टांगणीला लागलं. भीती ओसरली की भाषेची गरज ओसरते, असा तो हिशेब.

आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय अभ्यासकांना हे सलत होतंच. १९६९मध्ये माँट्रियलला आफ्रिका अभ्यासकांच्या अमेरिकन संघटनेचं अधिवेशन भरलं असता त्यांनी व्यासपीठ ताब्यात घेतलं आणि विचारलं की आमच्याविषयीच्या संशोधनाचा पैसा वाटणाऱ्या समित्यांवर आम्ही का नाही?

आता खुद्द आफ्रिकेत काय चाललं होतं? केनेथ डिके हे नाव इथे घ्यायलाच हवं. नायजेरियाचा हा इतिहासकार लंडनहून पीएच. डी. करून इबादानला परतला. जुनी सरकारी कागदपत्रं कचऱ्यासारखी पडलेली पाहून त्याने आधी ती गोळा करण्याची मोहीम काढली आणि १९५४मध्ये त्यातून राष्ट्रीय दप्तरखाना उभा राहिला. नंतर तो इबादान विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि त्याच्या हाताखाली नायजेरियन इतिहासकारांची एक पिढी तयार झाली. कागद तर वाचायचेच, पण म्हाताऱ्यांच्या तोंडच्या वंशावळ्या आणि गाणीही पुरावा म्हणून तपासायची, हा त्यांचा बाणा. घानात एन्क्रुमांनी १९६३ साली लेगोनच्या आफ्रिका अभ्यास संस्थेचं उद्घाटन केलं. नवं राष्ट्र, नवं विद्यापीठ, सरकारी शिष्यवृत्त्या. ती वीस वर्षं मला आपल्या नेहरूकाळासारखी वाटतात.

मग कर्जाचा विळखा आला. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेचे तज्ज्ञ सांगू लागले की गरीब देशांनी विद्यापीठांपेक्षा प्राथमिक शाळांवर खर्च करावा. ऐकायला हे बरं वाटतं. प्रत्यक्षात ग्रंथालयांनी नियतकालिकं घेणं बंद केलं, प्राध्यापकांचे पगार महागाईने खाल्ले आणि ज्यांना जमलं ते परदेशी निघून गेले. या काळात धीर धरून उभी राहिली ती डाकारची ‘कोडेस्रिया’ ही संस्था. १९७३ साली अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन यांच्या पुढाकाराने ती निघाली. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं द्यायला तिने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. क्षेत्रभेटीचा प्रवास, कागद, झेरॉक्स, पुस्तकं एवढ्यापुरती रक्कम. पण विषय विद्यार्थ्याचा, आणि तो पारखणारे परीक्षक आफ्रिकी. या संस्थेलाही पैसा पुष्कळसा स्वीडनसारख्या देशांकडून आणि फाउंडेशनांकडून येतो, हे खरं. तरी निवड कोण करतो याने फरक पडतो.

नंतर मोठे आकडेही आले. २००० ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकन फाउंडेशनांनी एकत्र येऊन नऊ आफ्रिकी देशांतल्या विद्यापीठांवर ४४ कोटी डॉलर खर्च केले. २०११पासून न्यूयॉर्कची समाजविज्ञान संशोधन परिषद घाना, केनिया, नायजेरिया वगैरे देशांतल्या तरुण अध्यापकांना पीएच. डी. पुरी करायला फेलोशिप देऊ लागली. पण युगांडात महमूद ममदानी वेगळीच तक्रार करीत होते. २०२५ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेल्या जोहरान ममदानींचे हे वडील. जन्म मुंबईचा, वाढले कंपालात, १९७२मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं त्यात देश सोडावा लागलेले. २०१०मध्ये ते मकेरेरे विद्यापीठाच्या समाजसंशोधन संस्थेचे संचालक झाले, तेव्हा त्यांना दिसलं की प्राध्यापक मंडळी स्वयंसेवी संस्थांचे अहवाल लिहिण्यात गुंतली आहेत. प्रश्न देणगीदाराचा, उत्तर तीन महिन्यांत, मानधन डॉलरमध्ये! याला त्यांनी कन्सल्टन्सीची संस्कृती म्हटलं. उपाय म्हणून २०१२मध्ये तिथेच पूर्णवेळ पीएच. डी.चा अभ्यासक्रम सुरू केला. आधी दोन वर्षं नुसतं वाचन, मग प्रश्न शोधायचा. आपल्याकडेही हा रोग नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आणि आपण? दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५मध्येच निघाला, नेहरूंच्या आस्थेतून. मुंबई विद्यापीठाचं केंद्र १९७१चं, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने झालेलं. दिल्लीत स्वाहिली शिकता येते. आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचं तेवढ्यात कसंबसं भागेल, पण वर्षभर मोम्बासाला राहायचं म्हटलं तर वेगळी सोय हवी. परदेशातून साधनं गोळा करण्यासाठी समाजविज्ञान परिषद मदत देते. ती मागायला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायला असा विषय असतो हे आधी ठाऊक असावं लागतं. आमच्या कोकणात घरोघरी ‘आफ्रिकेला गेलेले’ चुलते-मामे होते. केप टाउनला तर कोकणी मुसलमानांची अख्खी वस्ती आहे. त्यांच्यावर लिहिणारी मुलं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

खरं तर आपल्या हाताशी जे आहे ते इतरांजवळ नाही. १८४१ साली झांझिबारला हॅमर्टन हा इंग्रज वकील नेमला गेला, तो मुंबई सरकारला पत्रं लिहीत असे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा व्यापार, लवंगा, हस्तिदंत, गुलामांची ने-आण, कच्छी आणि खोजा सावकारांची येणी यांची माहिती मुंबईला येत राहिली. ती आजही एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य दप्तरखान्यात आहे. झांझिबारचा इतिहास लिहिणाऱ्याला हे दप्तर टाळता येत नाही. किनाऱ्यावर आपला रुपया १९२०पर्यंत चालत होता आणि पैशाला स्वाहिलीत आजही ‘पेसा’च म्हणतात. नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढवली, त्यांतली कित्येक १८७०च्या दशकात मोम्बासाजवळच्या फ्रीअर टाउन वसाहतीत नेली. आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्या वसाहतीला दिलेलं. मुयाकाची कविता उतरवून घेणारा टेलर याच मिशनचा. म्हणजे मोम्बासाच्या रस्त्यांवर तेव्हा नाशिकला वाढलेली, आपली बोली कानांवरून गेलेली माणसं हिंडत होती.

लंडनमधल्या स्वाहिली हस्तलिखितांची २०००नंतर सूची झाली, बऱ्याच पानांच्या डिजिटल प्रती निघाल्या. ब्रिटिश लायब्ररीमार्फत २००४पासून धोक्यातल्या दप्तरांसाठी अनुदानं दिली जातात, त्यात मूळ कागद त्या देशाबाहेर न्यायचा नाही अशी अट आहे. ती मला फार महत्त्वाची वाटते. टेलरच्या वेळी ती असती तर! मी यांतली काही पानं पाहिली आहेत. मक्तबात शिकलेल्या अक्षरओळखीच्या जोरावर शब्द उच्चारता येतात, मधेच ‘दुनिया’, ‘किताबु’, ‘वकाती’ ओळखीचे निघतात, बाकीचं हातातून निसटतं. मदरशात नाझरा शिकलेल्या आमच्या मुलांना ही लिपी आयती येते. वर्षभर स्वाहिली शिकायला मिळाली तर यांतला एखादा मुयाकाची पानं वाचू शकेल.

दरवर्षी भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आफ्रिकेतून मुलंमुली पुण्या-मुंबईत शिकायला येतात. त्यांच्यातल्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहा महिने जास्तीचा भत्ता द्यावा आणि आपल्याकडच्या एका स्वाहिली शिकलेल्या मुलाला सोबत देऊन दोघांना राज्य दप्तरखान्यात झांझिबारच्या पत्रव्यवहारापाशी बसवावं. खर्च काढला तर विद्यापीठाच्या एका परिसंवादाच्या मांडवाएवढाही यायचा नाही.