टकळी, कुरणशाळा आणि चौथीची शिकवणी

गेल्या जूनमध्ये अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. ‘काका, पोरगी चौथीत गेली. सायन्सचा कोणता क्लास बरा राहीन, तुमीच सांगा. तुमी एवढी जुनी पुस्तकं वाचता.’ मी शिक्षणशास्त्र शिकलेला नाही. जुनी क्रमिक पुस्तके आणि समित्यांचे अहवाल जमवून वाचण्याचा नाद तेवढा आहे. त्यामुळे क्लासचे नाव मला सांगता आले नाही. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याच्यामागे मी बराच मागे गेलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, आपल्या राज्याच्या पाठ्यक्रमात चौथीला ‘विज्ञान’ नावाचा विषयच नाही. 2014 च्या सुमारास बदललेल्या बालभारतीच्या पुस्तकांत तो ‘परिसर अभ्यास’ आहे. तिसरीचे पुस्तक तर जिल्हावार निघाले; अमरावतीच्या मुलांना अमरावतीचे, अकोल्याच्या मुलांना अकोल्याचे. ‘सामान्य विज्ञान’ येते सहावीत. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता आहे, विज्ञान नाही. नवोदयच्या प्रवेश परीक्षेतही नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, पण ती सहावी आणि नववीसाठी. म्हणजे चौथीच्या मुलीला ज्या विषयाची शिकवणी लावायची, त्याची परीक्षा तिच्या वाट्याला अजून यायचीच आहे. मग विकले जाते ते काय? ‘फाउंडेशन’. वैद्यकीय प्रवेशाची देशभर एकच परीक्षा झाली, त्या परीक्षेसाठी अकोल्यात बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहू लागली, आणि तिची सावली एकेक इयत्ता खाली सरकत आली, असे मला वाटते.

आता नव्वद वर्षे मागे जाऊ. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तिथून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती, ही तिची योजना. पुढे तिला ‘नई तालीम’ म्हटले गेले. टकळी आणि चरखा सगळ्यांना आठवतात. पण त्या अभ्यासक्रमात ‘सामान्य विज्ञान’ हा स्वतंत्र विषय होता, हे विसरले जाते. मुलाने भोवतालच्या निसर्गाकडे समजून पाहावे, अचूक निरीक्षणाची आणि अनुभव प्रयोगाने पडताळण्याची सवय लावावी, अशी उद्दिष्टे तिथे आहेत. वनस्पती, प्राणी, आरोग्य, रसायन, अगदी आकाशातल्या ताऱ्यांची ओळखही त्यात आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होता. त्या प्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी याच काळात ‘विद्यामंदिर’ योजना आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी कल्पना. नावावरून वाद झाला. मुस्लीम लीगने विरोध केला. 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेमागचा राजकीय जोर गेला.

मात्र या इतिहासाकडे भाबडेपणाने पाहता येत नाही. समितीच्या वेळापत्रकात दिवसाचे साडेपाच तास होते. त्यांतले 3 तास 20 मिनिटे उद्योगाला आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोघांना मिळून 30 मिनिटे. विज्ञान अर्ध्या तासात अर्धेच बसले होते. ते वाचणार होते एका अटीवर: कापूस पिंजताना, सूत काढतानाच शिक्षकाने विज्ञान शिकवले तर. आमच्या मुलखात तर साहित्य अंगणात होते. पऱ्हाटी, बोंड, सरकी, रुई. तंतूला पीळ दिला की तो का तुटत नाही? पावसाळी हवेत सूत वेगळे का वागते? पण हे विचारायला तसा शिक्षक हवा, आणि तो घडवायला वेळ हवा. तो वेळ मिळाला नाही. टकळी राहिली, प्रश्न गेला.

दुसरा धागा अमरावतीचाच आहे. ताराबाई मोडक (1892–1973) लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहत होत्या. त्यांचे पती तिथे वकिली करत. पुढे त्या गुजरातेत गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांत काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची, ही ‘कुरणशाळा’. पाने, दगड, बिया हेच तिथले साहित्य.

तिसरा धागा सातपुड्यापलीकडचा. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुले गट करून प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती आणि परीक्षेत प्रात्यक्षिकही होते. पुढे एकलव्य संस्थेने ते काम सांभाळले. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम 2002 मध्ये तिथल्या सरकारने बंद केला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तिसरी ते पाचवीसाठी ‘हलके-फुलके विज्ञान’ ही पुस्तके मराठीतही काढली. तीही मुलांना आधी पाहायला, मोजायला आणि चित्र काढायला सांगतात.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. वस्तू स्वस्त होत्या. महाग होता तो मुलाच्या प्रश्नापाशी थांबणारा मोठा माणूस. तो जिथे टिकला तिथे विज्ञान टिकले. मग पालकाने शिकवणी निवडताना हाच माणूस शोधायला नको का?

कायदाही थोडी मदत करतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्रांनी सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये. तरी गल्लोगल्ली चौथीच्या बॅचेस आहेत, त्यामुळे निवड पालकावरच येते.

मी पुतण्याला चार गोष्टी पाहायला सांगितल्या. एक, तासभर मागे बसू देतात का. दोन, त्या तासात मुलांच्या हातात वहीखेरीज काही येते का. तीन, मुलाने अडचणीचे विचारले तर शिकवणारा ‘माहीत नाही, बघू या’ म्हणतो का. चार, घरी दिलेले काम उतरवून काढायचे आहे की पाहून आणायचे आहे. तो तीन ठिकाणी गेला. दोन ठिकाणी मागे बसू दिले नाही. तिसरी एक निवृत्त शिक्षिका निघाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा मुले, घराच्या ओसरीवर. ‘काका, इथं तं टेस्ट सिरीजच नाही,’ तो काळजीने म्हणाला. त्याची काळजी खोटी नव्हती. शेजारच्या घरातले पोर आठ-आठ चाचण्या देऊन येते, हे त्याला रोज दिसते. आपण आपल्या मुलीवर अन्याय तर करत नाही ना, ही भीती मी त्याला कुठल्याही अहवालातून उत्तर देऊन घालवू शकलो नाही. तरी त्याने तिथेच नाव घातले.

दिवाळीआधी मी अकोल्याला गेलो तेव्हा पोरगी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसली होती. बाईंनी शंभर ग्रॅम कापूस दिला होता. सरकी वेगळी करून दोन्ही तोलून आणायचे. कापसात साधारण एक तृतीयांश रुई आणि बाकी सरकी असते, हे जिनिंगवाला कोणीही सांगेल. तिची रुई 35 ग्रॅम भरली, सरकी 63.

‘आजोबा, दोन ग्रॅम कुठं गेले?’

मी म्हणालो, ‘मले नाही माहीत. बघू या.’ मग आम्ही दोघे चटई झाडून गोळा करायला बसलो.