सोलापूरचे वालचंद आणि पहिले शिकाऊ विमान

जेऊरहून सोलापूरच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात कुर्डुवाडी येते. एके काळी तेथून बार्शी लाइटची चिमुकली गाडी सुटे. तिच्या कामांवरच सोलापूरचे वालचंद हिराचंद ठेकेदारीत पडले. रुळांपासून आरंभ करणाऱ्या या माणसाने पुढे विमानाचा ध्यास घ्यावा, हे आम्हांस विलक्षण वाटते.

1939 साली अमेरिकेहून पूर्वेकडे येताना विमानात त्यांची गाठ पॉले नामक अमेरिकनाशी पडली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविणारा हा गृहस्थ. युद्ध नुकतेच पेटले होते. वालचंदांनी योजना आखली, म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले, आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगलोरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन झाली. पुढील वर्षी सरकारही भागीदार झाले.

या कारखान्यातून पहिल्याने उडाले ते लढाऊ विमान नव्हे, तर हार्लो नावाचे शिकाऊ विमान, साल 1941. सर्व धातूचे, पंख खाली, आणि शिष्य व गुरू एकामागे एक बसणारे. आमच्या फ्लाइंग क्लबांतील टायगर मॉथ म्हणजे कापड-लाकडाचे दुपंखी यंत्र. त्यामानाने हे आधुनिक. मात्र भाग अमेरिकेहून आलेले. येथे झाली ती जुळणी. तिला निर्मिती म्हणणे आम्हांस पटत नाही. तथापि धातूचा पत्रा मापात बसविणे, रिव्हेट ठोकणे, यंत्र तपासून आकाशात सोडणे, हे आपल्या कारागिरांच्या हातांनी शिकले, आणि हातांनी शिकलेले सहसा विसरत नाही.

हार्लो मात्र मोजकीच झाली. जपान ब्रह्मदेशात घुसताच एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले. दोस्तांची मोडकी विमाने दुरुस्त करणे हेच मुख्य झाले. 1943 पासून तर कारखाना अमेरिकन लष्कराच्या हाती होता. युद्धाची निकड आम्ही नाकारीत नाही; परंतु उद्योजकाच्या हातून त्याचे स्वप्न असे निसटावे, याची खंत वाटतेच.

कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे होते. गटिंगेनला प्रांटल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकलेले. युद्धकाळातच त्यांनी दहा माणसांच्या ग्लायडरचा आराखडा केला. नंतर त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एच. टी. 2’ आकारास आले आणि ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. हेही धातूचे, पंख खाली, गुरुशिष्य एकामागे एक. पण या वेळी आराखडा बंगलोरचा. वालचंद तेव्हा हयात होते. 1953 साली ते वारले. हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरविले, आणि आफ्रिकेतील घानानेही ते घेतले.