बदनाम औषधाचा दुसरा जन्म

थॅलिडोमाईडचा इतिहास एका अपराधापासून सुरू होतो. पश्चिम जर्मनीतील ग्र्युनेंथाल कंपनीने हे झोपेचे औषध १ ऑक्टोबर १९५७ रोजी बाजारात आणले. गर्भवतींच्या मळमळीवरही ते दिले जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले, तोवर हजारो मुले अपुऱ्या हातापायांनिशी जन्मली होती.

तिथेच ते संपायचे. पण १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या तीव्र प्रतिक्रियेने तळमळणाऱ्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून ते दिले. झोप तर लागलीच, शिवाय अंगावरच्या दुखऱ्या गाठीही ओसरल्या. ज्या मुंबईत १८९० पासून कुष्ठरुग्णांसाठी ॲक्वर्थ रुग्णालय आहे, तिथे या वेदनेची ओळख करून द्यायला नको.

१९९४ साली अमेरिकेतील रॉबर्ट डी'अमाटो आणि ज्युडा फोकमन यांनी दाखवले, की हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मग अर्कान्सासमध्ये ते मल्टिपल मायलोमावर, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगावर, वापरून पाहिले गेले. इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांना गुण आला. १९९९ च्या त्या शोधनिबंधावर पहिले नाव भारतीय वंशाच्या डॉ. सीमा सिंघल यांचे आहे.

औषध नेमके करते काय, हे त्यानंतर उलगडले. २०१० मध्ये जपानी संशोधकांना ते 'सेरेब्लॉन' या प्रथिनाला चिकटताना आढळले. ही जोडी कर्करोगपेशींना जगवणारी प्रथिने नष्ट करते, हे २०१४ मध्ये कळले. गर्भाच्या इजेचे मूळही याच चिकटण्यात आहे.

गोरेगावात मी घेतो ती लेनालिडोमाईडची कॅप्सूल याच घराण्यातली: २१ दिवस घ्यायची, ७ दिवस थांबायचे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर फक्त बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले. २००५ मध्ये ते बदलले, तरी तोवर देशी औषधउद्योग उभा राहिला होता. म्हणूनच देशी कंपन्यांची कॅप्सूल इथल्या रुग्णांना बरीच आधी मिळाली. अमेरिकेत पहिले जेनेरिक मार्च २०२२ मध्ये आले, तेही हैदराबादच्या नॅट्को कंपनीच्या सहभागाने.

या औषधासोबत गर्भवतींसाठी सक्त इशारा असतो. तो ज्यांच्यामुळे लिहिला गेला, त्या मुलांनी आज साठी ओलांडली आहे. आम्हा रुग्णांना मिळालेल्या वर्षांचा हिशेब त्यांना वगळून मांडता येणार नाही.